गोकुळधाममध्ये एसीपी प्रद्युम्न

डिंडोली ही सुरतेतली खानदेशी माणसांची मोठी वस्ती. धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन लूमवर, मिलमध्ये, साडीच्या मार्केटात कामाला लागलेली ही कुटुंबं घरात अहिराणी किंवा मराठी बोलतात, बाजारात गुजराती, आणि टीव्हीवर बघतात हिंदी. म्हणून २०१४ साली 'सीआयडी' ही तपासाची मालिका आणि 'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही विनोदी मालिका यांचा जो महासंगम झाला, म्हणजे दोन्हींची पात्रं एका कथेत आली, त्याचं खरं मोल अशा वस्तीत बसून नीट कळतं. 'तारक मेहता'चं मूळ 'चित्रलेखा'तल्या तारक मेहतांच्या गुजराती सदरात. त्यातला दुकानदार जेठालाल आणि सोसायटीचे सेक्रेटरी भिडे मास्तर यांची रोजची कुरबुर डिंडोलीकराला कुणी समजावून द्यावी लागत नाही. त्या गोकुळधाम सोसायटीत चौकशीला येतात ते 'सीआयडी'तले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम. अशा दोन मालिकांचा सांधा कथानकापेक्षा नटाच्या विश्वासार्हतेवर टिकतो, असं माझं मत आहे, आणि कथानकाची अडचण पाहिली की ते पटावं.

'सीआयडी'ला बहुतेक वेळा खून लागतो. गोकुळधामात मात्र कुणी मरू शकत नाही आणि खुनीही ठरू शकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा हसवायचं असतं. त्यामुळे गुन्ह्याचं ओझं बाहेरच्या पात्रावर टाकावं लागतं, आणि प्रेक्षकाला ते आधीच ठाऊक असतं. 'सीआयडी' आणि 'अदालत' या मालिकांच्या २०१२च्या 'सीआयडी विराट अदालत' या संगमात पेच आणखी अवघड होता. 'अदालत'मधला रोनित रॉयचा वकील केडी पाठक हरला तर 'अदालत' उरत नाही, प्रद्युम्नचा तपास सपशेल चुकला तर 'सीआयडी' उरत नाही. रोनित रॉय आणि साटम समोरासमोर उभे राहतात तेव्हा निकालाची उत्सुकता अशी आधीच अर्धी झालेली असते. मग उरतं काय? साटमांचा हवेत फिरणारा हात, बोटांची ती उघडझाप, वाक्याआधीचा विराम. संशय आधी हातात दिसतो, शब्द मागून येतात.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा टीआरपीचा व्यवहार. आहेच. 'सीआयडी'ची सोनी आणि 'तारक मेहता'ची सब या एकाच घरच्या वाहिन्या नसत्या तर 'तारक मेहता'शी गाठ पडणं कठीण होतं. पण व्यवहाराने दोन मालिका एका पडद्यावर येतात, प्रेक्षकाचा भरवसा तेवढ्याने येत नाही. तो भरवसा जुना आहे. 'सीआयडी'चे निर्माते बी. पी. सिंग हे मुंबई दूरदर्शनचे माणूस. १९९८च्या जानेवारीत 'सीआयडी' सुरू झाली त्याच्या कितीतरी आधी त्यांच्या 'एक शून्य शून्य' या मराठी मालिकेत साटम पोलिसाच्या वेशात घरोघरी पोचले होते. बँकेत नोकरी करत रंगभूमीवर तयार झालेल्या या नटाने फौजदाराला आरडाओरड न करणारा, थकलेला, विचार करणारा माणूस केला. ही घडण मराठी आहे. हिंदी बोलतानाही ती त्यांच्या उच्चारातून जात नाही, आणि ती घालवायचा खटाटोप त्यांनी केला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मराठीबाहेर राहून मराठी जपणाऱ्या डिंडोलीसारख्या वस्तीला हा अधिकारी परका वाटत नसेल, तर त्याचं कारण इथे आहे. २०१८च्या ऑक्टोबरात थांबलेली 'सीआयडी' २०२४च्या डिसेंबरात परतली, तेव्हाही प्रद्युम्न साकारायला साटमच लागले.