ऐकावे कुणाचे?

१८६३ सालच्या नाताळात ज्युलिया मार्गारेट कॅमरन या बाईंना लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. बाईंचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. जन्म कोलकात्याचा, लग्नही तिथलंच, आणि आता मुक्काम इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटावर, फ्रेशवॉटर गावात. नवरा सिलोनमधले कॉफीचे मळे बघायला गेलेला, तेवढाच आईला विरंगुळा, असा लेकीचा हिशेब. बाईंनी कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि काचेच्या खुराड्यातल्या कोंबड्या बाहेर काढून तिथे स्टुडिओ थाटला. पोर्ट्रेट शिकायचंय म्हणून कुणी विचारायला आलं, की मी आधी या बाईंविषयी बोलतो. लेन्स कुठली घ्यावी ते नंतर.

तेव्हाचं तंत्र फार छळणारं होतं. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. काच कॅमेऱ्यात उजेड टिपत असताना समोरच्याने काही मिनिटं निश्चल बसायचं. बाईंनी पहिला फोटो काढला गावातल्या एका शेतकऱ्याचा, आणि काचेच्या ओल्या बाजूवरून स्वतःचाच हात फिरवून तो पुसून टाकला. पुढे दोन मुलांना एकत्र बसवलं, तर त्यातलं एक ऐन वेळी हसलं. अखेर जानेवारी १८६४ मध्ये ॲनी नावाच्या एका लहान मुलीचा फोटो जमला. त्याला त्यांनी ‘माझं पहिलं यश’ म्हटलं आणि त्याच दिवशी छापून, चौकटीत बसवून मुलीच्या वडिलांना देऊनही टाकला.

त्याच वर्षी त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, आणि टीकेला तोंड फुटलं. फोटो धूसर आहेत, काचेवर डाग आहेत, ओघळ आहेत, बाईंना फोकस करता येत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यांची पहिली लेन्स अशी होती, की डोळ्याला जिथे चित्र स्पष्ट दिसे तिथे ते काचेवर स्पष्ट उमटत नसे. कारण ती ओली काच मुख्यतः निळाच प्रकाश टिपायची, आणि निळा प्रकाश लेन्समधून वेगळ्या अंतरावर एकवटायचा. पण पुढे मोठा कॅमेरा आणि चांगली लेन्स हाती आल्यावरही बाईंच्या चेहऱ्यांचा मऊपणा गेला नाही. म्हणजे तो त्यांना हवाच होता. लेन्स पुढेमागे करताना चेहरा सुंदर वाटला की तिथेच थांबायचं, हा त्यांचा नेम.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात: टीकाकार कोते, कलावंत थोर. मला पुढची जास्त मोलाची वाटते. याच बाई चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्याकडे आपले बिघडलेले प्रिंट पाठवत आणि चित्र कुठे फसलंय ते विचारत. विज्ञानातला दरारा असलेले जॉन हर्शेल त्यांचे जुने स्नेही. फोटो पक्का करायला वापरलं जाणारं पोटॅशियम सायनाइड बाई हातांवरून बेधडक वाहू देत, त्यावरून हर्शेलनी त्यांना पत्रातून चांगलंच बजावलं. आणि १८६९ मध्ये त्यांच्या कित्येक मोलाच्या निगेटिव्हवर मधाच्या पोळ्यासारख्या भेगा पडू लागल्या, तेव्हा इलाज विचारायला बाई गेल्या त्या फोटोग्राफिक सोसायटीच्याच सभासदांकडे. फोकसबद्दल ज्यांचं एक अक्षर ऐकलं नाही, त्यांनाच रसायनाबद्दल विचारताना त्यांना कमीपणा वाटला नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण आपण फार सैल वापरतो. कुठल्या बाबतीत जनाचं आणि कुठल्या बाबतीत मनाचं, हे ती सांगत नाही. कॅमरनबाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

आता तुमच्याकडे वळू. सुरुवातीला मोबाइल पुरतो. उन्हाचा थेट पट्टा येत नाही अशी खिडकी शोधा, खोलीतले दिवे बंद करा, माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा आणि चेहरा हळूहळू उजेडाकडे वळवायला सांगा. दूरच्या गालावर सावली राहील आणि नाकाडोळ्यांना आकार येईल. जुन्या घराची ओसरी किंवा दाराच्या जरा आतली जागा याहून सरस, आणि पावसाळी ढगाळ दिवस तर फुकटात मिळालेला स्टुडिओ. भर दुपारी अंगणात फोटो काढू नका, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या येतात. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं ‘चेहरे’ हे पुस्तक घरात असेल तर काढा आणि प्रत्येक फोटोत बुबुळातला उजेडाचा ठिपका बघा. दिवा कुठे होता, केवढा होता, हे तो ठिपकाच सांगतो.

दुसरी गोष्ट अंतराची. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. दोष लेन्सला देतात, पण कारण जवळीक हेच असतं. दीड-दोन मीटर मागे या आणि फोनमधली दुप्पट झूमची लेन्स वापरा. मोठा कॅमेरा असेल तर ८५ मिलिमीटरची लेन्स याचसाठी नावाजलेली, तुम्हाला आपोआप मागे उभं करते. फोकस जवळच्या डोळ्यावर. बाकी आकडे सवयीने कळतात.

फोटो झाला, की पहिला अभिप्राय देणार ज्याचा फोटो तोच. ‘अगंबाई, मी अशी दिसते?’ याने खचू नका. माणसाला आपला चेहरा आरशातला, म्हणजे उलटा, पाठ असतो. १९७७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना त्यांचा सरळ आणि उलटा फोटो दाखवला, तेव्हा स्वतःला उलटा जास्त आवडला आणि जवळच्या मित्रमैत्रिणींना सरळ. तेव्हा ‘मी अशी नाही’ हे ऐकून घ्या, पण निकाल बहिणीला किंवा मैत्रिणीला विचारा. मात्र समोरच्याला कॅमेऱ्यापुढे अवघडल्यासारखं झालं असेल, तर त्याचं म्हणणं अखेरचं. तो फोटो कुठेही दाखवू नये.

घरच्यांचा ‘छान आलाय’ प्रेमाचा असतो, उपयोगाचा नसतो. त्यांना नेमकं विचारा: आधी नजर कुठे गेली? हा माणूस कशाचा विचार करतोय असं वाटतं? उत्तर आलं ‘मागच्या कॅलेंडरवर’, तर काम झालं. आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. ‘तेव्हा उजेडच नव्हता हो’ हे एकदा तोंडातून गेलं, की समोरचा लगेच नरमतो.

जाणत्यांकडे मात्र वॉट्सकडे जायचे तसे प्रिंट न्यावेत, बिघडलेले. आपण नेमकं उलटं करतो, वेचून काढलेले सहा उत्तम फोटो दाखवतो आणि शाबासकी घेऊन परततो. फोटोग्राफी क्लबांच्या स्पर्धांबद्दल मला जरा शंका आहे. तिथे तंत्र घासूनपुसून निघतं हे खरं, पण बक्षिसांवर डोळा ठेवून काढलेले चेहरे एकाच साच्याचे होत जातात: फेटा, सुरकुत्या, काळी पार्श्वभूमी. परीक्षकाने ‘हायलाइट उडालेत’ (उजळ भाग नुसते पांढरे झालेत) म्हटलं तर वहीत लिहून घ्या. ‘आजोबांना जरा हसवायचं होतं’ म्हटलं तर आजोबा कसे आहेत ते तुम्हाला जास्त माहीत आहे.

कॅमरनबाई त्याच त्या माणसांना पुन्हापुन्हा बसवत. मोलकरीण मेरी हिलियर आणि भाची ज्युलिया जॅक्सन (लेखिका व्हर्जिनिया वुल्फची आई) यांचे त्यांनी वर्षानुवर्षं फोटो काढले. नवशिक्यालाही हेच सोयीचं. रोज नवा चेहरा धरला, तर फोटो सुधारला तो माणसामुळे की आपल्यामुळे, ते समजत नाही. घरातलं एखादं सोशीक माणूस निवडा. तीच खिडकी, तीच वेळ ठेवा आणि मिळालेल्या सूचनांपैकी एका वेळी एकच करून बघा. आधीचा आणि नंतरचा फोटो पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून शेजारी ठेवा, मागे तारीख आणि केलेला बदल लिहा. पडद्यावर अंगठ्याने सरकवताना जो फरक निसटतो, तो कागदावर दिसतो.