उतरणीची अखेरची वेळ

बर्न, जून

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावरील सहलीचा बेत आखावयास बसलेले कुटुंब वेळापत्रकातून सर्वांत आधी हुडकून काढते ती खाली येणाऱ्या अखेरच्या केबल कारची वेळ. हा एक आकडा कागदावर मांडला, की त्यातून पायवाटेस लागणारा काळ, माथ्यावरील विसाव्याचा काळ आणि हवा पालटल्यास हाताशी असावा असा राखीव तास, अशी एकेक वजाबाकी करीत मंडळी मागे मागे येतात, आणि या उलट्या मोजणीच्या शेवटी जी वेळ उरते ती आपल्या गावच्या स्थानकावरून सकाळची गाडी धरण्याची. परक्यास ही रीत प्रथमदर्शनी अतिसावध वाटते; परंतु अखेरची केबल कार चुकली म्हणजे साडेनऊशे-हजार मीटरांचा उभा उतार मावळत्या उजेडात पायांनी उतरावा लागतो, हे ध्यानी घेतले असता तिच्यातील शहाणपण पटते.

बर्नहून एका दिवसात होणारी अशी एक वाट येथे मांडतो, म्हणजे या मोजणीत काय काय धरावे लागते ते स्पष्ट होईल. प्रथम आगगाडीने इंटरलाकेन ओस्ट. तेथून मीटरगेज गाडीने लाउटरब्रुनेन. पुढे रुळांच्या मधोमध बसविलेल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून चढ चढणाऱ्या लहान गाडीने वेंगेन हे मोटारींस मज्जाव असलेले गाव. आणि वेंगेनहून केबल कारने मेन्लिखेनची धार. या धारेवरून आयगर, म्योंश व युंगफ्राउ ही तीन शिखरे समोर ठेवून जाणारी, फारसा चढउतार नसलेली सुमारे दीड तासाची पायवाट क्लायने शायडेग या २०६१ मीटर उंचीच्या खिंडीत पोचते. (आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे.) खिंडीतून पुन्हा दातेरी गाडीने दुसऱ्या अंगास ग्रिंडेलवाल्डला उतरावे आणि संध्याकाळी इंटरलाकेनवरून बर्नला परतावे. या फेरीत सहा वेळा वाहन बदलावे लागते, रुळांची रुंदी चारदा पालटते, कंपन्याही निरनिराळ्या. तथापि प्रवाशाच्या हाती असलेले वेळापत्रक एकच असते, आणि एका वाहनातून उतरून दुसऱ्यात बसण्यास किती मिनिटे लागतील याचा हिशेब ते आखणाऱ्यांनी आधीच केलेला असतो. जाणाऱ्याने एवढीच खबरदारी घ्यावी, की झ्वायल्युचिनेन या लहानशा स्थानकात गाडीचे दोन भाग होऊन एक लाउटरब्रुनेनकडे व दुसरा ग्रिंडेलवाल्डकडे जातो, यास्तव इंटरलाकेनलाच डब्यावरील पाटी वाचून जागा धरावी.

ही सुसूत्रता या देशास निसर्गाने दिलेली नाही; ती बुद्धिपुरःसर, आणि पुष्कळ वादविवादानंतर, उभारलेली आहे. २३ मे १९८२ पर्यंत येथील गाड्याही इतर देशांतल्याप्रमाणे दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, जशी सोय व जशी वहिवाट असेल तशा सुटत. त्या दिवसापासून दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, हा नियम सर्व देशभर लागू झाला. पुढे ६ डिसेंबर १९८७ च्या सार्वमतात मतदारांनी ‘रेल्वे २०००’ या योजनेस संमती दिली, आणि तिच्यामागचे तत्त्व मला फार मोलाचे वाटते: गाडी शक्य तितकी वेगवान नसावी, आवश्यक तितकी असावी. मोठ्या स्थानकांमध्ये तासाच्या व अर्ध्या तासाच्या ठोक्याआधी काही मिनिटे चोहोंकडच्या गाड्या येऊन उभ्या राहाव्यात, प्रवाशांनी फलाट बदलावेत, आणि ठोका पडून गेल्यावर काही मिनिटांत सर्वांनी आपापल्या दिशांनी निघावे, अशी ती कल्पना; आणि ती साधावयाची तर दोन मोठ्या स्थानकांमधील अंतर तासाहून किंचित कमी वेळात कापले गेले पाहिजे. झ्यूरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत आणण्यासाठी नवा लोहमार्ग बांधण्यात आला, आणि १२ डिसेंबर २००४ पासून तो ५६ मिनिटांचा झाला. आणखी खर्च करून तो पंचेचाळीस मिनिटांवर आणला असता, तरी पुढची गाडी गाठण्याच्या दृष्टीने त्याचा उपयोग झाला नसता. प्रवासी केवळ फलाटावर अधिक वेळ तिष्ठत राहिला असता.

दऱ्यांतील लहान गाड्या व त्यांच्या टोकास जोडलेल्या केबल कार याच ठोक्याला बांधलेल्या असतात, आणि डोंगरावर जाणाऱ्याला त्याचा लाभ दुहेरी होतो. एक तर त्याला केवळ मिनिटे ध्यानात ठेवावी लागतात, तास कोणताही असो. आणि दुसरे असे, की एखादी गाडी चुकली तरी अर्ध्या तासाची हानी होते, दिवसाची नव्हे. फूल पाहण्यास थांबावे, वाटेवरच्या गवळ्याकडे चीज चाखावे, मुलांना दगडांवर खेळू द्यावे, ही मोकळीक त्या अर्ध्या तासांच्या माळेने दिलेली आहे. वेळापत्रकाने मनुष्य जखडला जातो, असे मानणाऱ्यांनी एकदा येथे यावे.

कंपन्यांना हे सर्व पाळावयास लावणारी शक्ती कायद्यात आहे. नियमितपणे व धंद्यादाखल प्रवासी वाहून नेण्याचा मूळ हक्क या देशात संघराज्याचा आहे. ज्या कंपनीला तो वापरावयाचा असेल तिला संघसरकारकडून मुदतबंद सनद घ्यावी लागते, आणि त्या सनदेबरोबर काही बंधने तिच्यावर येतात. तिने वेळापत्रक आधी जाहीर केले पाहिजे, जाहीर केलेली फेरी प्रत्यक्ष केली पाहिजे, अटी पाळणाऱ्या कोणत्याही उतारूस नाकारता कामा नये, आणि दर सर्वांना प्रसिद्ध केल्याप्रमाणेच लावले पाहिजेत. पावसाळी मंगळवारी केबल कारमध्ये दोनच माणसे आली, तरी ती ठरल्या मिनिटाला निघते ती यामुळे. याहून प्रशंसनीय भाग म्हणजे पुढील वर्षाच्या वेळापत्रकाचा मसुदा दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर प्रसिद्ध होतो आणि त्यावर कोणाही नागरिकास आपल्या प्रांताकडे, ज्याला येथे कँटन म्हणतात, हरकती व सूचना दाखल करता येतात. एखाद्या दरीतील शाळा सुटण्याची वेळ आणि बसची वेळ यांचा मेळ बसत नसेल, तर तेथील पालक ते लेखी कळवितात, आणि कँटनचे अधिकारी त्याचा विचार करतात. नवे वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी अंमलात येते. नागरिकाचा हात ज्या दस्तऐवजास लागलेला असतो, त्यावर तो आपला दिवस निर्धास्तपणे सोपवितो, असा माझा समज येथे राहून दृढ झाला आहे.

पूर्वी हा दस्तऐवज जाडजूड ग्रंथाच्या रूपाने घरोघर असे. संघीय रेल्वेने २०१७ सालासाठी काढलेली त्याची छापील आवृत्ती शेवटची ठरली. आता फोनवर दोन गावांची नावे घातली, की फलाटाच्या क्रमांकासह उत्तर येते. ते उत्तर बिनचूक असते, परंतु विचारले तेवढेच असते. ग्रंथाच्या पानावर मात्र सबंध दरी एका दृष्टिक्षेपात दिसे, आणि डोंगरात ते दिसणे अगत्याचे आहे. कारण शहाण्या बेतात उतरण्याच्या निदान दोन वाटा असाव्या लागतात. दक्षिणेकडून फ्योन नावाचा उष्ण वारा सुटला, तर केबल कार काही मिनिटांच्या सूचनेने बंद होतात. सनदेतील बंधनेही वाऱ्यापुढे चालत नाहीत. रुळांवरची दातेरी गाडी अशा वेळीही बहुधा चालू राहते. म्हणून केबल कारने चढून गाडीने उतरणे, हा वर सांगितलेल्या फेरीचा क्रम मला उलट क्रमाहून श्रेयस्कर वाटतो. सुदैवाने ते तक्ते पूर्वीच्याच मांडणीत अद्याप संगणकावर पाहावयास मिळतात, आणि बेत करणाऱ्याने ते तळटिपांसकट वाचावेत. एखादी लहान केबल कार दुपारी जेवणाच्या वेळी थांबते, एखादी बस आदल्या दिवशी फोन केला तरच येते, ते तळटिपांतच कळते.

ऊरी व निडवाल्डेन या कँटनांत तर आठ किंवा त्याहून कमी माणसे नेणारे लहान रज्जुमार्ग शेतकऱ्यांनी आपल्या गरजेपोटी बांधलेले आहेत. त्यांना संघाची सनद लागत नाही, कँटनचा परवाना पुरतो. त्यांवरून दूध खाली येते, मुले शाळेत जातात, आणि पाहुणा आला तर खालच्या ठाण्यातील फोन उचलून वरच्या घरास कळवितो. तेथे वेळापत्रकाची जागा मनुष्याच्या शब्दाने घेतलेली आहे.

पायवाटेचा काळ मोजण्याचीही तजवीज आहे. फाट्याफाट्यावरील पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहिलेले नसून लागणारा वेळ लिहिलेला असतो. १९७९ च्या सार्वमताने या वाटांची जोपासना राज्यघटनेतच घातली गेली. मात्र सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर ही चाल गृहीत धरून, विसावा न मोजता, तो काळ काढलेला असतो. मुंबई-पुण्याहून नुकत्याच आलेल्या व लहान मुले बरोबर असलेल्या मंडळींनी त्याची दीडपट धरावी.

या मंडळींच्या दृष्टीने एक अडचण मात्र खरी आहे. आपली मे महिन्याची व दिवाळीची सुटी नेमकी त्या दोन अवधींत येते, की ज्यांत येथील पुष्कळ केबल कार दुरुस्ती व तपासणीसाठी बंद असतात: हिवाळा संपून उन्हाळा सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि पाने गळून गेल्यावर दुसऱ्यांदा. विल्डर्सविलहून शीनिगे प्लाटेला जाणारी, १८९३ पासून चालत आलेली दातेरी गाडी तर साधारण जूनच्या मध्यापर्यंत निघतच नाही. युंगफ्राउयोखची गाडी बारमाही चालते, आणि आपल्या सहली त्या ३४५४ मीटरांवरील स्थानकातच गर्दी करतात, त्यास हेही एक कारण असावे. ज्यांना मे महिन्यातच येणे भाग आहे, त्यांनी विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी प्रत्येक रज्जुमार्गाच्या बंद राहण्याच्या तारखा पाहून घ्याव्यात, आणि वरच्या वाटा बंद असल्यास लाउटरब्रुनेनच्या दरीत दोन दिवस अधिक ठेवावेत. बर्फ वितळू लागल्यामुळे तेथील श्टाउबबाख हा सुमारे ३०० मीटर उंचीचा धबधबा त्या दिवसांत भरून वाहतो, आणि स्थानकापासून त्याच्या पायथ्याशी जावयास वेळापत्रक लागत नाही.