स्वयंचलित आज्ञावली-वितरण

स्वयंचलित आज्ञावली-वितरण : संगणकाच्या आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) केलेला प्रत्येक फेरबदल मूळ संहितेत दाखल होताच तिची बांधणी, चाचणी आणि प्रत्यक्ष वापराच्या संगणकांवरील प्रतिष्ठापना या क्रिया ठरावीक क्रमाने आपोआप घडवून आणणारी पद्धती. क्रियांच्या या साखळीस व्यवहारात ‘पाइपलाइन’ म्हणतात. साखळी चालविणारे संगणक संस्थेच्या स्वतःच्या इमारतीत नसून दूरस्थ केंद्रात असतील व त्यांचा वापर भाडेतत्त्वावर होत असेल, तर ती क्लाउड-आधारित पाइपलाइन होय.

मोठी आज्ञावली अनेकजण मिळून लिहितात. प्रत्येकाने आपल्या प्रतीवर काही आठवडे स्वतंत्रपणे काम केले व नंतर सर्व प्रती एकत्र केल्या, तर परस्परविसंगत भाग आढळतात आणि ते जुळविण्यात लिहिण्याइतकाच काळ जातो. यावर उपाय म्हणजे रोज, किंबहुना दिवसातून अनेकदा, एकत्रीकरण करणे. मात्र प्रत्येक वेळी चाचण्या हाताने घेणे अशक्य असल्याने हा उपाय यंत्राच्या साहाय्यावाचून अमलात येत नाही.

इतिहास : बांधणीचे यांत्रिकीकरण प्रथम झाले. बेल प्रयोगशाळेतील स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेली ‘मेक’ ही आज्ञावली बदललेले भाग ओळखून तेवढ्यांचीच पुनर्बांधणी करीत असे. ‘सतत एकत्रीकरण’ ही संज्ञा ग्रेडी बूच यांनी १९९१ च्या सुमारास वापरली; केंट बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकाच्या अखेरीस तिला नित्याच्या शिस्तीचे रूप दिले. कोहसुके कावागुची या जपानी अभियंत्याने २००४ मध्ये ‘हडसन’ या आज्ञावलीचे काम सुरू केले. २०११ पासून ‘जेंकिन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनाचा प्रसार मोठा झाला. पुढे ही कामे भाड्याच्या संगणकांवर करवून देणाऱ्या सेवा निघाल्या. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये, तर गूगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठविण्याचा दंडक घातल्यामुळे बँकांच्या दृष्टीने अशा केंद्रांचे महत्त्व वाढले.

कार्यपद्धती : ही कल्पना संगणकाच्या क्षेत्रात नवी असली, तरी कारखानदारीस अपरिचित नाही. पुण्यातील खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. या उद्योगात माल गटागटाने तयार होतो, प्रत्येक गटास क्रमांक मिळतो, त्यातील काही नमुने प्रत्यक्ष उडवून पाहतात आणि ते कसोटीस उतरल्यावरच गट स्वीकारला जातो. पुढे दोष आढळल्यास क्रमांकावरून संपूर्ण गट मागे घेता येतो. पाइपलाइनही प्रत्येक बांधणीस क्रमांक देते आणि तीच बांधणी, पुन्हा न घडविता, सर्व टप्प्यांतून पुढे नेते. फरक असा की, काडतूस उडविले की संपते, म्हणून नमुन्यावरून उरलेल्यांचे अनुमान करावे लागते. आज्ञावलीच्या सर्व प्रती तंतोतंत सारख्या असल्याने एका प्रतीची चाचणी सर्वांची ठरते. परंतु ती ज्या संगणकांवर चालते ते सारखे नसतात. ही अडचण कमी करण्यासाठी आज्ञावली व तिला लागणारी उपांगे एकाच बंदिस्त ‘कंटेनर’मध्ये घालतात, २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने ही पद्धत रूढ केली.

चाचण्यांचा क्रम खर्चावर ठरतो. सुट्या भागांच्या चाचण्या काही सेकंदांत होतात, म्हणून त्या आधी; अनेक भाग एकत्र चालवून पाहणाऱ्या मंद व महाग चाचण्या नंतर. एकही चाचणी फसली की साखळी थांबते आणि संबंधितास सूचना जाते. साखळीचे वर्णन एका मजकूर-फाइलीत मूळ संहितेसोबतच ठेवतात; त्यामुळे कार्यपद्धतीत कोणी, केव्हा बदल केला हेही पाहता येते.

प्रतिष्ठापना हा सर्वांत जोखमीचा टप्पा होय. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार करणाऱ्या संस्थेत नवी आज्ञावली आठ संगणकांवर हाताने घालण्यात येत असता एक संगणक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यावरील जुन्या, टाकाऊ भागाने भलत्याच मागण्या नोंदविल्या आणि सु. ४५ मिनिटांत संस्थेचे ४० कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. यंत्राने असा संगणक सहसा विसरला नसता. मात्र वेग हाही धोका ठरतो. क्राउडस्ट्राइक या संस्थेने १९ जुलै २०२४ रोजी पाठविलेली एक सदोष फाइल एकाच वेळी सर्वत्र पोहोचली, सु. ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. या कारणास्तव नवी आवृत्ती प्रथम थोड्या ग्राहकांना देऊन, त्रुटींचे प्रमाण पाहून मगच ती इतरांकडे नेण्याची पद्धत इष्ट मानली जाते. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून नेत असलेल्या पक्ष्यावरून तिला ‘कॅनरी’ वितरण म्हणतात. जुनी आवृत्ती तत्काळ परत आणण्याची सोय तिच्या जोडीस असावीच लागते.

मर्यादा : साखळी केवळ लिहिलेल्याच चाचण्या घेते, न सुचलेला दोष तिच्यातून सुखरूप पार पडतो. शिवाय सर्व किल्ल्या व परवाने तिच्यापाशी असल्याने ती स्वतःच हल्ल्याचे लक्ष्य बनते. सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या बांधणी-यंत्रणेतच हल्लेखोरांनी घातक भाग घुसविल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले. मूळ संहिता निर्दोष दिसत होती आणि तयार मालावर कंपनीची अस्सल अंकीय स्वाक्षरी होती, सु. १८,००० ग्राहकांपर्यंत तो पोहोचू शकला. तेव्हापासून एकच संहिता दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून निष्पन्न प्रती जुळतात का, हे पडताळण्याच्या पद्धतीकडे अधिक लक्ष दिले जात आहे.