घोरणे : आवाज येतो कुठून?
झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते आणि श्वासाबरोबर मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागतात. घोरण्याचा आवाज तो हाच. उताणे झोपल्यावर जीभ मागे सरकते, म्हणून तो वाढतो. कुशीवर वळवले की बहुधा उतरतो. लठ्ठपणा, चोंदलेले नाक आणि दारू यांनीही भर पडते.

पातूरकडे उन्हाळ्यात अंथरुणे गच्चीवर पडली की एकाचे घोरणे शेजारच्या गच्चीलाही जागवते. घोरणारा मात्र गाढ! जोडीदाराला दिवसभर पेंग आणि चिडचिड.

मध्येच श्वास 10 सेकंद किंवा जास्त थांबून दचकून पुन्हा सुरू होत असेल, तर तो निद्राश्वासरोध असू शकतो. त्यात रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. यावर मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपचार 1981 मध्ये मांडला.