सरस्वती महाल ग्रंथालय, तंजावर
सरस्वती महाल ग्रंथालय, तंजावर : तमिळनाडू राज्यातील हस्तलिखिते व दुर्मिळ ग्रंथ यांचे प्रसिद्ध संशोधन-ग्रंथालय. तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात ते वसलेले आहे. नायक राजांच्या काळातील ‘सरस्वती भांडार’ हे त्याचे मूळ होय. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर येथे मराठी सत्ता स्थापन केली आणि पुढील भोसले राजांनी या भांडारात भर घातली. ग्रंथालयास आजचे स्वरूप मुख्यत्वे दुसरा सरफोजी (कार. १७९८–१८३२) याच्यामुळे प्राप्त झाले. राज्यकारभार इंग्रजांकडे गेल्यावर या राजाने आपले लक्ष विद्येकडे वळविले. १८२०–२२ मधील काशीयात्रेत त्याने अनेक संस्कृत पोथ्या मिळविल्या, तसेच यूरोपातून मुद्रित ग्रंथ व चित्रे मागविली.

हस्तलिखितांची संख्या ४०,००० हून अधिक असून त्यांतील बहुसंख्य संस्कृत आहेत. ती ताडपत्रांवर व कागदावर, ग्रंथ, देवनागरी, तेलुगू, नंदिनागरी इ. लिप्यांत लिहिलेली आहेत. वेद, दर्शने, काव्य, संगीत, वैद्यक, ज्योतिष हे त्यांचे प्रमुख विषय होत. तमिळ व तेलुगू ग्रंथांचे संग्रहही स्वतंत्रपणे जतन केलेले आहेत. गजशास्त्रासारख्या विषयांवरील सचित्र पोथ्या, तसेच सरफोजीच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह ठेवलेली टिपणे उल्लेखनीय आहेत. जंबुनाथभट लांडगे, कागलकर व पतंग अवधूत या विद्वत्कुलांतील पोथ्याही नंतर या संग्रहात दाखल झाल्या.

मराठी हस्तलिखिते सु. ३,००० आहेत. समर्थ संप्रदायाच्या तंजावरकडील शाखेतील मेरुस्वामी, माधवस्वामी इ. ग्रंथकारांचे लेखन त्यांत आढळते. मराठी नाट्यवाङ्‌मयाच्या दृष्टीने या संग्रहाचे महत्त्व विशेष आहे. मराठी रंगभूमीचा प्रारंभ सामान्यतः विष्णुदास भावे यांच्या सांगली येथील १८४३ च्या प्रयोगापासून मानतात, परंतु शाहराज भोसले (कार. १६८४–१७१२) याच्या लक्ष्मीनारायणकल्याण इ. नाटकांच्या पोथ्यांवरून तंजावरच्या दरबारात मराठी नाट्यरचना त्याहून सु. दीड शतक आधी होत होती, हे स्पष्ट झाले. या पोथ्या नष्ट झाल्या असत्या, तर हे प्रकरण अज्ञातच राहिले असते.

मोडी कागदपत्रांची दप्तरे हा आणखी एक वैशिष्ट्यपूर्ण संग्रह होय. राजवाड्याचा दैनंदिन खर्च, देवस्थानांची व्यवस्था, कलावंतांना दिलेली बिदागी यांच्या नोंदी त्यांत असून दक्षिणेच्या सामाजिक इतिहासाचे ते अस्सल साधन आहे. मात्र मोडी लिपी व तंजावरी मराठी या दोहोंचे जाणकार थोडे असल्याने त्यांचा अभ्यास मंद गतीने होतो.

१८५५ मध्ये राजा शिवाजी औरस पुत्राविना मरण पावल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर राजघराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८५९ मध्ये फेटाळला गेला. तथापि पुढे सरकारने खाजगी मालमत्ता परत केली. या उलथापालथीतही ग्रंथसंग्रह राजवाड्यातच राहिला. आर्थर बर्नेल या न्यायाधीशाने संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा यूरोपीय विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले गेले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. त्यानंतर पी. पी. एस. शास्त्री यांनी संस्कृत हस्तलिखितांची विस्तृत वर्णनात्मक सूची अनेक खंडांत तयार केली. १९८३ मध्ये ग्रंथालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली.

दमट हवा व कसर यांपासून पोथ्यांचे रक्षण करण्यासाठी वेखंडादी वनस्पतींचा उपयोग परंपरेने करतात. त्याला सूक्ष्मपटांची आणि पुढे संगणकीय प्रतिमांची जोड मिळाली. निवडक ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या ग्रंथालयातर्फे प्रकाशित होतात. मराठी भाषिक प्रदेशापासून दूर राहिलेला हा संग्रह मराठीच्या इतिहासाचे एक अपरिहार्य साधन आहे.