बॉब डोल : पराभवापलीकडची ३५ वर्षं

१९९६ साली बिल क्लिंटन यांच्याकडून हरलेले वयस्कर रिपब्लिकन उमेदवार, एवढीच बॉब डोल यांची ओळख अनेकांच्या लक्षात राहिली आहे. त्याआधी ३५ वर्षं ते अमेरिकी काँग्रेसमध्ये होते. १९६१ पासून आठ वर्षं प्रतिनिधिगृहात आणि १९६९ पासून सिनेटमध्ये, कॅन्ससचे सिनेटर म्हणून. त्यांच्याविषयीचे बहुतेक गैरसमज ही वर्षं न पाहिल्यामुळे झालेले आहेत.

सगळ्यात साधा गैरसमज त्यांच्या पेनाचा. उजव्या मुठीत कायम पेन धरायची त्यांची सवय लोकांना लकब वाटायची. १४ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, इटलीच्या डोंगराळ भागातल्या लढाईत ते जबर जखमी झाले आणि उजवा हात कायमचा निकामी झाला. मुठीत पेन दिसलं की हस्तांदोलनासाठी तो हात कुणी धरत नसे. बरोबर २४ वर्षांनी, त्याच तारखेला, सिनेटमधलं आपलं पहिलं भाषण त्यांनी अपंगांच्या प्रश्नांवर केलं. १९९० चा अपंग हक्क कायदा संमत होण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. २०१२ मध्ये ८९ वर्षांचे डोल व्हीलचेअरवरून सिनेटमध्ये आले होते, अपंगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला पाठिंबा द्यायला. बाजूने ६१ आणि विरोधात ३८ मतं पडली. मंजुरीला लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमताला पाच कमी. विरोधातली सगळी मतं त्यांच्याच पक्षाची होती.

‘डोल म्हणजे पक्षाचा कडवा माणूस’ हा समज मात्र हवेतून आलेला नाही. १९७१ ते १९७३ या काळात ते रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. १९७६ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादचर्चेत त्यांनी विसाव्या शतकातली युद्धं डेमोक्रॅट पक्षाच्या माथी मारली, आणि ते वाक्य त्यांना जन्मभर चिकटलं. पण कायदे करताना दिसणारे डोल वेगळे होते. १९७२ च्या प्रचारात ज्या डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्यावर ते तुटून पडले, त्यांच्याच जोडीने त्यांनी पुढे गरिबांसाठीच्या अन्नकुपनांची योजना सुधारली. पूर्वी कुपनं मिळवायला आधी रोख पैसे भरावे लागत. १९७७ च्या कायद्याने ती अट गेली. कॅन्सस हे गव्हाचं राज्य, तेव्हा यात शेतकऱ्यांचंही हित होतं. ते नाकारायचं कारण नाही; भुकेल्यांचा आणि पिकवणाऱ्यांचा फायदा एकाच विधेयकात बसवणं हेच तर त्यांचं कसब. आपल्याकडे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. तिथे पक्षांतरबंदीचा कायदा नाही, त्यामुळे समोरच्या बाकावरची मतं जमवणं हा कामाचाच भाग होता.

मग असा माणूस अध्यक्ष का झाला नाही? वयामुळे, हे लोकप्रिय उत्तर. पण १९८८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत आयोवा जिंकूनही ते न्यू हॅम्पशायरमध्ये जॉर्ज बुश यांच्याकडून हरले, तेव्हा वय आडवं आलं नव्हतं. कर वाढवणार नाही या प्रतिज्ञेवर त्यांनी सही केली नव्हती. करणार तरी कशी? अध्यक्ष रेगन यांच्या करकपातीनंतर वर्षभरातच, १९८२ मध्ये, सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष म्हणून महसूल वाढवणारा कायदा त्यांनीच पुढे नेला होता. तडजोडीचा हिशेब समितीच्या खोलीत चालतो, प्रचारसभेत नाही. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःच १५ टक्के आयकर कपातीचं आश्वासन दिलं, तेव्हा ते त्यांच्या तोंडी शोभलं नाही, असं मला वाटतं.

‘१९९६ मधले तिसरे उमेदवार रॉस पेरो यांनी मतं खाल्ली म्हणून डोल हरले’ हेही टिकत नाही. क्लिंटन यांना ४९.२, डोल यांना ४०.७ आणि पेरो यांना ८.४ टक्के मतं होती. पेरो यांचं मत न् मत मिळालं असतं, तरी देशभरच्या मतांत डोल मागेच राहिले असते.

आणि ते कडवट, तुसडे होते म्हणाल, तर जानेवारी १९९७ आठवा. क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. आभार मानायला उठलेल्या डोल यांनी थेट अध्यक्षपदाची शपथच घ्यायला सुरुवात केली, आणि मग भाषण चुकलं म्हणून सगळ्यांची माफी मागितली.