तक्रारी कमी म्हणजे थकबाकी कमी?

अंबड एमआयडीसीतल्या लघुउद्योजकांच्या बैठकीत वही घेऊन बसलात, तर 'नियम' आणि 'मार्केटिंग' असे दोन वेगळे रकाने आखू नका. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायलाच लागतात. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टलही सुरू झालं. पण ज्याचं सगळं जॉबवर्क एकाच कंपनीचं, तो तक्रार करेल कशाला? ऑर्डरच जायची! दुसरं गिऱ्हाईक असेल, तरच कायदा कामाचा. त्यामुळे पोर्टलवरच्या तक्रारी मोजल्या म्हणजे थकबाकी मोजली, असं होत नाही. प्रश्नावलीत आधी विचारा, "तुमची गिऱ्हाइकं किती?"